सुई पाठवली, आर्म राहिला : जुने टोनआर्म, त्यांची तुलना आणि जुळवणी

१९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेचा आवाज ज्याच्या हाती पडेल त्याला ऐकता यावा म्हणून तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुई ठेवली आहे. सुई कुठून लावायची आणि एक फेरा ३.६ सेकंदांत कसा पुरा व्हायचा, हेही आवरणावर कोरले आहे. ती सुई पेलून धरणारा आर्म मात्र पाठवलेला नाही. तो ऐकणाऱ्याने आपला आपण करायचा.

आपल्याकडे जुन्या रेकॉर्ड जपणाऱ्यांचेही असेच होते. कपाटात आजोबांच्या तबकड्या असतात, कार्ट्रिज नवे मिळते, मोटर आणि पट्टा दुरुस्त होतो. अडते ते आर्मपाशी. जुना आर्म कोणता घ्यावा, तो कसा जुळवावा, आणि एकाच आर्मबद्दल दोन जाणकार दोन टोकांची मते का देतात? या चर्चेला आता शंभर वर्षे झाली. तीत काय ठरले, काय अर्धवट राहिले आणि मराठी घरातल्या संग्रहाला त्यातले काय लागू पडते, याचा हा आढावा. मी चांदवडला राहतो. इथे आर्म जुळवून देणारा कारागीर शेजारी मिळत नाही, त्यामुळे जे घरच्या घरी मोजता येते त्याकडे माझा कल आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

आर्मचे काम

मूळ तबकडी कोरणारे यंत्र आपली छिन्नी काठाकडून मध्याकडे सरळ रेषेत नेते. घरचा आर्म एका खुंटीवर फिरतो, म्हणून त्याची सुई कमानीत जाते. सरळ रेषेत कोरलेले कमानीत वाचायचे, ही पहिली अडचण. कार्ट्रिजला आवाजाच्या कंपनांपुरते अगदी स्थिर धरायचे आणि वाकड्या तबकडीच्या चढउतारांवर मात्र मोकळे सोडायचे, ही दुसरी. सुईवरचा दाब पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत सारखा ठेवायचा, ही तिसरी.

या तिन्ही अपेक्षा एकमेकींच्या आड येतात. लांब आर्मची कमान सपाट होते, पण तो जड होतो. हलका आर्म वाकड्या तबकडीवर सहज चालतो, पण जड कार्ट्रिजला स्थिर धरत नाही. प्रत्येक जुना आर्म म्हणजे त्याच्या काळातल्या कार्ट्रिजसाठी केलेली एक तडजोड आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे बरेच वाद सोपे होतात.

पार्श्वभूमी : शंभर ग्रॅमपासून एका ग्रॅमपर्यंत

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग कोलकात्याला आला आणि हिंदुस्थानी संगीताचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्या काळच्या फोनोचा साउंड बॉक्स तबकडीवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकी. लाखेच्या तबकडीत खरबरीत भुकटी मिसळलेली असे. तिच्यावर घासून पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या आकाराची होई. म्हणून तर एका बाजूला एक पिन, असा नियम होता. जुळवणीचा निम्मा भाग तबकडीच करून घेत असे, तोही स्वतः झिजून.

तरीही भूमितीचा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. १९२४ मध्ये पर्सी विल्सन यांनी लंडनच्या ‘द ग्रामोफोन’ मासिकात सुई आणि खाच यांच्यामधल्या कोनाची मांडणी केली. १९३८ मध्ये स्वीडनचे एरिक लोफग्रेन यांनी त्याला पक्के गणित दिले. १९४१ मध्ये बेअरवाल्ड वेगळ्या वाटेने तिथेच पोचले. १९६६ मध्ये स्टीव्हनसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये वेगळा पर्याय सुचवला. आज बाजारात मिळणारे जुळवणीचे बहुतेक कागद लोफग्रेन, बेअरवाल्ड आणि स्टीव्हनसन यांच्यापैकी कुणाचे तरी गणित छापतात.

१९४८ साली एलपी आली आणि खाच बारीक झाली. १९५७-५८ च्या सुमारास स्टिरिओ आला. आता सुईला डावी-उजवीकडेच नव्हे, वर-खालीही हलावे लागले, आणि दाब झपाट्याने उतरला. १९६४ मध्ये शूर कंपनीचे व्ही १५ आले तोवर गोष्ट ग्रॅम-दीड ग्रॅमवर आली होती. आपल्याकडे हा प्रवास उशिरा आणि सरमिसळीत झाला. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या (पुढे नुसते ‘७८’) इथे १९७० च्या आसपासपर्यंत निघत राहिल्या. एलपी आणि ईपी त्याच घरात, त्याच कपाटात आल्या. एचएमव्हीच्या ‘फिएस्टा’सारख्या पेटीवजा प्लेअरवर सिरॅमिक कार्ट्रिज असे आणि दाब चार-पाच ग्रॅम. त्यामुळे मराठी घरातल्या एलपीवर झिजेच्या खुणा असतात, आणि शेजारी बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर किंवा वडाळ्याच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीच्या ‘यंग इंडिया’ छापाच्या ७८ असतात. जगातली आर्मची चर्चा बहुतेक नव्या, स्वच्छ, स्टिरिओ एलपी डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. हा फरक पुढे कामाला येईल.

जुन्या आर्मची घराणी

तुलनेच्या सोयीसाठी जुन्या आर्मचे चार गट पाडता येतात.

पहिला जड आर्मचा. डेन्मार्कच्या ऑर्टोफोनचा १२ इंची आरएमजी ३०९ आणि जपानच्या फिडेलिटी रिसर्चचा एफआर ६४एस ही त्याची ठळक उदाहरणे. सुईच्या टोकाला जाणवणारे वस्तुमान, ज्याला इफेक्टिव्ह मास म्हणतात, ते यांत ३० ग्रॅमच्या वर जाते. दाब स्प्रिंगने दिला जातो, म्हणून तबकडी वाकडी असली तरी तो फारसा बदलत नाही. ऑर्टोफोनच्या एसपीयूसारख्या ताठ सुईच्या, तीन-चार ग्रॅम दाब मागणाऱ्या कार्ट्रिजसाठी हे बनले.

दुसरा एसएमईचा. मूळची ही इंग्लंडमधली छोटी प्रतिकृती बनवणारी कंपनी. ॲलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांनी १९५९ मध्ये ३००९ आणि ३०१२ हे आर्म बाजारात आणले. ९ आणि १२ हे आकडे इंचांचे. आर्म सुरीच्या धारेवर तोललेला, आणि कार्ट्रिज धरणारे हेडशेल फिरवून बसवायचे. हेडशेलची ती बैठक पुढे जवळपास सगळ्या जपानी कंपन्यांनी उचलली. कार्ट्रिज जसजशी हलकी होत गेली तसतसा आर्मही हलका झाला. ३००९ च्या न निघणाऱ्या हेडशेलच्या सुधारित आवृत्तीचे इफेक्टिव्ह मास ६.५ ग्रॅमवर आले, आणि १९७८ च्या तिसऱ्या मालिकेत टायटॅनियमची नळी आली.

तिसरा गट टर्नटेबलसोबतच आलेल्या आर्मचा. स्विस लेन्को एल ७५, गॅरार्डचे चेंजर, टेक्निक्स एसएल १२००. भारतात हाती लागणारे जुने आर्म बहुतेक याच गटातले. लेन्कोचा आर्म रबरासारख्या दोन ठोकळ्यांमधल्या खाचांवर टेकलेला असतो. हे ठोकळे वयाने ठिसूळ होऊन तुटतात आणि आर्म एका अंगाला झुकतो. एल ७५ ‘खराब वाजतो’ म्हणणाऱ्याने आधी ते ठोकळे पाहावेत. टेक्निक्सच्या एस आकाराच्या आर्मचे इफेक्टिव्ह मास १२ ग्रॅमच्या घरात, म्हणजे मध्यम, आणि बहुतेक कार्ट्रिजशी जमवून घेणारे.

चौथा गट १९८० नंतरचा. रेगाचा आरबी ३०० (१९८३) एकसंध ओतीव ॲल्युमिनियमचा, सरळ नळीचा. पुन्हा मध्यम वजनाकडे आणि ताठपणाकडे वळण. हलकेपणाची लाट ओसरली होती, कारण मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज परत लोकप्रिय झाली आणि त्यांना जरा वजनदार आधार लागतो.

या चार गटांत ‘सर्वोत्तम’ कोण, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणत्या कार्ट्रिजसाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

भूमिती : गणित ठरलेले, निवड बाकी

आर्मची सुई तबकडीच्या मधल्या खुंटीच्या थोडी पुढे जाते. हा ओव्हरहँग. हेडशेल आत वळलेले असते. हा ऑफसेट कोन. या दोन मापांच्या जोरावर सुई दोन ठिकाणी खाचेशी अचूक जुळते, बाकी सगळीकडे थोडी चुकते. चूक कुठे ठेवायची आणि कुठे सारायची, एवढाच प्रश्न उरतो.

लोफग्रेन आणि बेअरवाल्ड यांच्या गणितात हे दोन बिंदू तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर येतात. पूर्ण तबकडीवरचा सर्वांत मोठा दोष कमीत कमी ठेवणे, हा त्यांचा हेतू. लोफग्रेन यांनीच दिलेल्या दुसऱ्या पर्यायात बिंदू ७०.३ आणि ११६.६ वर सरकतात. तिथे सरासरी दोष कमी होतो, पण दोन्ही टोकांना किंमत मोजावी लागते. स्टीव्हनसन आतला बिंदू थेट शेवटच्या खाचेवर, ६०.३ मिमीवर ठेवतात, कारण एलपीचा शेवट हा सर्वांत नाजूक भाग. काठाला खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते, शेवटी २१. तेवढ्याच स्वरांना निम्म्याहून कमी जागा मिळते.

तिन्ही पक्षांत तथ्य आहे. बेअरवाल्डवाले म्हणतात, सगळी तबकडी ऐकायची तर सगळ्या तबकडीचा विचार हवा. स्टीव्हनसनवाले म्हणतात, ख्याल द्रुतात, तानांत संपतो. आवाज चढलेला असतो आणि खाच आखडलेली. तिथे चुकलेले कान माफ करत नाही. टेक्निक्सने आपल्या आर्मला २३० मिमी लांबी, १५ मिमी ओव्हरहँग आणि २२ अंश ऑफसेट दिला. हिशेब मांडला तर त्याचे बिंदू सुमारे ५९ आणि ११३.५ मिमीवर पडतात. कारखान्याचा कल स्टीव्हनसनच्याही आत आहे. त्याच आर्मवर बेअरवाल्ड हवा असेल तर कार्ट्रिज जवळजवळ ३ मिमी पुढे सरकवून दीड-पावणेदोन अंश आत वळवावे लागते, आणि सगळ्या हेडशेलांच्या खाचा तेवढी मुभा देत नाहीत.

१२ इंची आर्मचा दावाही मोजून पाहता येतो. बेअरवाल्ड जुळवणीत काठाला २३० मिमीच्या आर्मची चूक सुमारे १.९ अंश, ३०८ मिमीच्या आर्मची सुमारे १.३५ अंश. म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास फायदा. तो खरा आहे, पण कार्ट्रिज दोन मिमी चुकीच्या जागी बसवले तर सहज पुसला जातो. सरळ रेषेत चालणारे आर्म, म्हणजे बँग अँड ओलुफसेनचा बिओग्राम ४००० (१९७२) किंवा टेक्निक्सचा एसएल १०, हा कोनच टाळतात. बदल्यात मोटर, दोऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक्स येते, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी ते दुरुस्त कोण करणार, हा वेगळा प्रश्न उभा राहतो.

आता आपल्या कपाटाकडे. दहा इंची ७८ चे गाणे अनेकदा मध्यापासून ५० मिमीपर्यंत जाते. एलपीच्या बेअरवाल्ड जुळवणीवर २३० मिमीचा आर्म तिथे सुमारे ३.१ अंश चुकतो. एलपीच्या शेवटी तोच आर्म ०.८ अंशाच्या आत असतो. ७८ ची खाच तिथेही सेकंदाला ४१ सेंटिमीटर धावते, एलपीच्या शेवटाच्या जवळपास दुप्पट, म्हणून चुकीचा परिणाम निम्म्याने उतरतो. पण चूक चौपट आणि सूट निम्मी, तेव्हा दोष दुप्पट उरतोच. स्टीव्हनसनच्या मापांवर तीच चूक १.९ अंशांवर येते, टेक्निक्ससारख्या मापांवर दीडवर. (एसएल १२०० एमके २ वर ७८ ची गती नाही, मापे मात्र दुसऱ्या आर्मवर घेता येतात.) ज्यांच्याकडे ७८ अधिक, त्यांनी आतल्या बिंदूकडे झुकावे, असे हा हिशेब सांगतो.

वजन आणि लवचीकता : सूत्र एक, आकडे दोन

आर्म आणि सुईची लवचीक दांडी मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी एक जोडी बनते. तिची स्वतःची डोलण्याची गती असते. ती सेकंदाला ८ ते १२ वेळा असावी, यावर बहुतेकांचे एकमत आहे. त्याखाली वाकड्या तबकडीचा डोल आणि पावलांचा दणका, त्यावर संगीत. इथल्या जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशीवर चालताना आर्म हलतो तो याच कारणाने. दगडी भिंतीत बसवलेली फळी त्यावर टर्नटेबलच्या कोणत्याही महागड्या पायांहून चांगला उपाय आहे.

गणित सोपे आहे. आर्मचे इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज घ्या, तिला लवचीकतेच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. १२ ग्रॅमचा आर्म, ७ ग्रॅमचे कार्ट्रिज आणि स्क्रू, लवचीकता १२ : उत्तर १०.५. उत्तम. ३५ ग्रॅमच्या आर्मवर ६ ग्रॅमचे ३० लवचीकतेचे कार्ट्रिज : उत्तर ४.५. नेमके वाकड्या तबकडीच्या टापूत, सुई उडणार.

वाद सूत्रावर नाही, त्यात घालायच्या आकड्यावर आहे. युरोपीय कंपन्या लवचीकता बहुधा १० हर्ट्झवर मोजतात, जपानी १०० हर्ट्झवर. १९६४ पासून चालत आलेल्या डेनॉन डीएल १०३ चा छापील आकडा ५, तो १०० हर्ट्झचा. दीडपट ते दुप्पट करून घ्या, असा रिवाज आहे. एसएमईच्या साडेसहा ग्रॅमच्या आर्मवर हेच कार्ट्रिज ५ धरून १८ हर्ट्झ देते, साडेसात धरून १५ आणि १० धरून १३. पहिले उत्तर जोडी नाकारते, तिसरे ‘चालेल’ म्हणते. चाचणीच्या तबकडीवर प्रत्यक्ष डोल पाहणे, हाच यावर खात्रीचा मार्ग.

आत ओढणारे बळ

हेडशेल आत वळलेले असल्याने खाचेचे घर्षण सुईला मध्याकडे ओढते. ही ओढ सुईच्या दाबाच्या साधारण दहा-पंधरा टक्के. ती तोलायला बाहेरून उलटे बळ द्यायचे, म्हणजे अँटी-स्केटिंग. एसएमई दोऱ्याला टांगलेल्या छोट्या वजनाने ते देते, टेक्निक्स चकती फिरवून. ड्युअलने गोल आणि लंबगोल टोकाच्या सुयांसाठी निराळ्या खुणा दिल्या. ऑर्टोफोनच्या जुन्या जड आर्मवर मात्र ही सोयच नाही.

सोय नसलेले आर्म वापरणारे म्हणतात, तीन-चार ग्रॅम दाबाखाली सुई खाच सोडत नाही, मग तोल कशाला? दुसरा पक्ष म्हणतो, सुई खाच सोडत नसली तरी एका भिंतीवर अधिक घासते आणि एका बाजूचा आवाज आधी फाटतो. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. अडचण अशी की ओढ स्थिर नसते. खाच किती भरलेली, सुईचे टोक कसले, तबकडी किती स्वच्छ, यांवर ती बदलते. कोऱ्या, खाच नसलेल्या तबकडीवर आर्म जागीच थांबेल अशी जुळवणी करण्याची पद्धत फार प्रचलित आहे, पण सपाट पृष्ठावरचे घर्षण आणि दोन तिरक्या भिंतींमधले घर्षण एक नसते. म्हणून तिचे उत्तर ढोबळच मानावे. चाचणीच्या तबकडीवर दोन्ही बाजू एकाच वेळी फाटू लागतील असे बघणे, ही अधिक मान्य पद्धत.

उंची : एक अंश म्हणजे किती?

आर्मचे मागचे टोक वर-खाली केले की सुईचा उभा कोन बदलतो. हा कोन आधी १५ अंश आणि पुढे २० अंश मानला गेला. १९८१ मध्ये जॉन रिश आणि ब्रूस मायर यांनी सुईच्या टोकाचा कल ९२ अंशांच्या आसपास असावा असे मांडले आणि तो आकडा घरोघर पोचला. काही श्रोते प्रत्येक तबकडीसाठी उंची बदलतात.

प्रमाण पाहिले तर बरे. २३० मिमीच्या आर्मवर एक अंश बदलायला खुंटी ४ मिमी हलवावी लागते. जाड आणि पातळ एलपीतला फरक एक मिमीहूनही कमी, म्हणजे पाव अंशाच्या आत. गोल टोकाच्या सुईला तो जाणवणे कठीण. लांब-अरुंद स्पर्शरेषा असलेल्या सुया अधिक चोखंदळ असतात, हे उंची बदलणाऱ्यांना आणि न बदलणाऱ्यांनाही मान्य आहे. उंची बदलताना सुई किंचित पुढे-मागे होते आणि दाबही बदलतो. ऐकू आलेला फरक कोनाचा की दाबाचा, हे वेगळे काढणे म्हणूनच अवघड जाते.

जसे आहे तसे की सुधारून?

जुना आर्म हाती आला की दुसराच वाद सुरू होतो. एका मते तो कारखान्यातून निघाला तसाच ठेवावा. वंगण, दोरा आणि तारा बदला, पण सुट्या भागांना हात लावू नका. मूळ रूपात त्याची किंमतही टिकते आणि इतिहासही. दुसऱ्या मते आर्म हे वापरायचे हत्यार आहे. नव्या तारा, घट्ट बेअरिंग, जड काउंटरवेट यांनी तो सुधारतो. रेगाच्या आर्मवर असे बदल करण्याचा तर एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला.

दोघांमध्ये एक समान भूमी आहे : वयाने मेलेले रबर. जुन्या एसएमईच्या काउंटरवेटचा रबरी जोड खाली झुकतो, लेन्कोचे ठोकळे तुटतात. ते तसेच ठेवणे म्हणजे मूळ रूप जपणे नव्हे, कारण मूळ आर्म झुकलेला नव्हता. तारांबद्दल मात्र सावध राहावे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या आवाजावर तारेच्या कपॅसिटन्सचा परिणाम होतो. आर्म बदलल्यावर आवाज उजळला, असे वाटते तेव्हा कधी कधी फक्त तार बदललेली असते.

जुळवणीचा क्रम

मतभेद कितीही असले तरी क्रमाबद्दल फारसे दुमत नाही.

आधी टर्नटेबल पाणसळीत आणा. मग बेअरिंग तपासा. आर्म तोलून तरंगता ठेवा आणि हलकी फुंकर घाला. तो विनासायास सरकायला हवा आणि कुठेही अडायला नको. हेडशेल बोटांत धरून किंचित हलवल्यास खडखड लागू नये. सुरीच्या धारेवरचे किंवा एका टोकावर तोललेले आर्म मात्र स्वभावतःच डोलतात, त्याला दोष समजू नये.

नंतर कार्ट्रिज बसवून ढोबळ दाब द्या. ओव्हरहँग आणि कोन कागदावर जुळवा. उंची अशी ठेवा की तबकडीवर आर्म समांतर दिसेल. समोरून पाहून सुई उभी आहे ना ते बघा. कार्ट्रिज सरकले की दाब बदलतो, म्हणून दाब पुन्हा मोजा. अँटी-स्केटिंग सगळ्यांत शेवटी.

दाबासाठी सोनाराचा छोटा डिजिटल काटा पुरतो. दोन गोष्टी सांभाळा. पारडे तबकडीच्या उंचीवर हवे, नाहीतर काही आर्मवर आकडा चुकतो. आणि ते पोलादी नको, कार्ट्रिजचे चुंबक त्याला ओढते. काटा नसेल तर पट्टीची तराजू करून जुनी ॲल्युमिनियमची नाणी वापरता येतात : १ पैसा पाऊण ग्रॅम, २ पैसे १ ग्रॅम, ३ पैसे सव्वा, ५ पैसे दीड. झिजलेले नाणे थोडे कमी भरते, पण पाव ग्रॅमची चूक पकडायला ही सोय पुरे. ज्या गावच्या टांकसाळीत एके काळी चांदवडी रुपया पडत होता, तिथे नाण्याने वजन पारखणे काही वावगे नाही.

इथल्या हवेचाही विचार हवा. चांदवडच्या उन्हाळ्यात धूळ थांबत नाही, आणि पत्र्याखालच्या खोलीत एलपी वाकते. सुईवर धुळीचा गोळा बसला की घर्षण वाढते आणि काल केलेली जुळवणी आज खोटी ठरते. प्रत्येक बाजूआधी सुई पुसणे हा जुळवणीचाच भाग समजावा. ७८ साठी वेगळी, सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई हवी, आणि दाब तीन ते पाच ग्रॅम. एलपीची सुई तिथे खाचेच्या तळाशी घासत फिरते आणि फक्त खरखर ऐकवते.

काय बाकी आहे

आता शिल्लक काय राहते ते मांडू.

भूमितीचे गणित पूर्ण आहे. कोणता हेतू निवडायचा एवढेच ऐकणाऱ्यावर आहे. वजन आणि लवचीकता यांचे सूत्र पक्के आहे, पण लवचीकतेचे माप एकसारखे नसल्याने छापील आकड्यांवरचा निर्णय डळमळीत राहतो. अँटी-स्केटिंगचे एकच योग्य मूल्य असूच शकत नाही, फक्त एक सोयीची सरासरी असते. उंचीबाबत मोजमाप आणि कान यांचा मेळ अजून बसलेला नाही.

सर्वांत जुना वाद, म्हणजे कोणत्या आर्मचा आवाज अधिक सुरेल, तो न मिटण्यामागे एक साधे कारण आहे. दोन ॲम्प्लिफायर बटण दाबून बदलता येतात, दोन आर्म नाही. एक उतरवून दुसरा चढवेपर्यंत कार्ट्रिज हलते, तार बदलते, दाब बदलतो, आणि कानातली आठवण विरते. एकाच टर्नटेबलावर दोन आर्म आणि दोन सारखी कार्ट्रिज लावूनही दोन सुया कधी तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून या बाबतीत कुणाच्या अनुभवाला खोटे म्हणायचे कारण नाही, आणि त्यावरून दुसऱ्याचा आर्म बाद करायचेही नाही.

सरमिसळ संग्रहाचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे. आपल्या घरांत ७८, ईपी आणि एलपी शेजारी शेजारी राहतात, तरी आर्म जुळवताना आपण फक्त एलपीचे टोक गृहीत धरतो. प्रत्येक कंपनीच्या, प्रत्येक दशकाच्या ७८ वर गाणे नेमके कुठे संपते, हे पट्टीने मोजता येते. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून तबकड्यांचे क्रमांक, गायक आणि राग यांच्या नोंदी जमवत आली आहे. त्याच नोंदीत शेवटच्या खाचेची त्रिज्या हा एक रकाना वाढवला, तर आपल्या संग्रहांसाठी दोन बिंदू कुठे असावेत हे अंदाजाने नव्हे, आकड्यांनी ठरवता येईल. मी माझ्या कपाटापासून सुरुवात केली आहे. एक पोलादी पट्टी, एक वही, आणि दर रविवारी दहा तबकड्या.